शेवटच्या गावाची पहिली बस

(चिमूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चिमूरच्या भूमीत उभे राहून रस्त्याविषयी बोलायचे, तर आरंभ १९४२ पासूनच करावा लागतो. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, या गावाने परकीय सत्तेला उघड आव्हान दिले. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीला बळी पडला. पुढे पलटण आली. घराघरांत शिरून तिने जे केले, ते सांगताना आजही येथील वृद्धांचा आवाज दाटतो. या अत्याचारांची वार्ता छापण्यास वृत्तपत्रांना मनाई करण्यात आली. चौकशीची मागणी करीत सेवाग्रामचे प्रा. भन्साळी पायी चिमूरकडे निघाले, तेव्हा त्यांना वाटेतच अडवले गेले. अखेर त्यांच्या ६३ दिवसांच्या उपोषणाने चिमूरचे दुःख देशाला कळले.

या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. पारतंत्र्यात चिमूरपर्यंत येणाऱ्या वाटेवर सरकारची सत्ता होती. त्या वाटेने पलटण येऊ शकत होती. मात्र बातमी बाहेर जाऊ शकत नव्हती आणि सांत्वनाला निघालेला एक सत्पुरुष आत येऊ शकत नव्हता. वाट तीच असते. तिच्यावरून कोणाला येऊ द्यायचे, यावर राज्य परक्याचे की आपले हे ठरते. स्वातंत्र्यानंतर या वाटांनी शिक्षक यावा, परिचारिका यावी, टपाल यावे, धान्य यावे, एवढीच अपेक्षा होती. ते सारे शेवटच्या गावापर्यंत कधी पोचले, आणि पोचल्यावर टिकले का, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अंतर नव्हे, दिवस मोजा

चिमूर ज्या जिल्ह्यात आहे त्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चार गोवे त्यात मावतील. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती. महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ३६५ माणसे राहत असताना गडचिरोलीत अवघी ७४ राहत होती. दूरच्या प्रदेशातील सार्वजनिक सेवेची सारी अडचण या एका आकड्यात सामावली आहे. जितके किलोमीटर डांबर पुण्याजवळ हजारो लोकांच्या उपयोगी पडते, तितकेच डांबर येथे एका टोल्यावरच्या वीस-पंचवीस घरांसाठी लागते. खर्च तेवढाच, माणसे थोडी. हिशेबाच्या वहीत हे काम नेहमीच शेवटच्या पानावर जाते.

त्यातून नद्या. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांनी जिल्ह्याच्या सीमा आखल्या आहेत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेवरील जुना पूल ठेंगणा. छत्तीसगडच्या डोंगरांत पाऊस झाला की भामरागडच्या आकाशात ढग नसतानाही तो पाण्याखाली जातो आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण आलापल्लीपासून तुटते. येथे अंतर किलोमीटरमध्ये विचारण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते, हेच खरे अंतर.

प्रशासनाने याचा अनुभव घेऊन काही रीती बसवल्या आहेत. पावसाळ्यापूर्वीच दुर्गम गावांच्या रास्त भाव दुकानांत चार महिन्यांचे धान्य पोचवले जाते. आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' उभारून, प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रीला काही दिवस आधीच तेथे आणून ठेवले जाते. नाव किती अर्थपूर्ण! जी वाट ऐनवेळी बंद होणार, ती आधीच चालून घ्यायची, ही त्यामागची दृष्टी आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या उत्तरेतील नुनावुत प्रदेशात, हाच प्रश्न बर्फाच्या रूपाने उभा आहे. तेथील २५ वस्त्यांपैकी एकही दुसरीशी रस्त्याने जोडलेली नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने वर्षाची बेगमी येते. त्याच देशातील ओंटारिओ आणि मॅनिटोबा प्रांतांच्या उत्तर भागात नदी-तलाव गोठले की बर्फावरून काही आठवड्यांपुरता रस्ता तयार केला जातो. आपली वाट पाण्याने बंद होते, त्यांची गोठल्यावर उघडते. दोन्हीकडे शहाणपण एकच: निसर्गाच्या पंचांगाप्रमाणे सरकारने आपले पंचांग आखले पाहिजे. मार्च अखेरीच्या घाईत निघालेली निविदा आणि जूनमध्ये पहिल्या पावसात वाहून गेलेला भराव, हे या पंचांगात बसत नाही.

रस्ता कोणाला नको होता?

१९८० च्या सुमारास नक्षलवादी दलम गोदावरी ओलांडून या जंगलात शिरले. वनकर्मचारी, ठेकेदार आणि सावकार यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीचा राग गावांत होता. त्या रागावर त्यांनी आपली मुळे रुजवली. पण पुढच्या चार दशकांत त्यांनी जाळले काय? रस्त्याच्या कामावरील यंत्रे, बांबूचे डेपो, ग्रामपंचायतीच्या इमारती. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात दादापूरला महामार्गाच्या कामावरील वाहने पेटवून देण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक यांना वीरमरण आले. हे जवान बहुतांशी याच मातीतले होते. गावाच्या नावाने लढणाऱ्यांनी गावाचीच वाट अडवली, हे त्या दिवशीचे कटू सत्य होते.

तथापि एवढे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जंगलातील गावकऱ्याच्या मनात रस्त्याविषयी जी शंका होती, ती सारीच बंदुकीने पेरलेली नव्हती. रस्ता आला की त्यावरून आधी कोण येते, हे तो पाहत असतो. पूर्वी आला तो लाकडाचा ट्रक. सुरजागडच्या पहाडावरील लोहखनिजाचे उत्खनन वाढल्यावर एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावर अवजड वाहनांची रांग लागली, रस्त्याची चाळण झाली, अपघात झाले, आणि शाळेची मुले धुळीतून चालत राहिली. खनिज निघावे, उद्योग यावा, तरुणांना काम मिळावे, हे योग्यच. पण जो रस्ता पन्नास वर्षे बससाठी होत नव्हता तो खनिजासाठी पाच वर्षांत होतो, असे गावाला दिसले, तर त्याच्या मनातील शंका कोणत्या भाषणाने दूर होणार? तिचे उत्तर एकच आहे. ट्रकच्या आधी बस आली पाहिजे, आणि ट्रक थांबला तरी बस चालू राहिली पाहिजे.

सत्याहत्तर वर्षांनंतर

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटर रस्त्याचे आणि अहेरी ते गर्देवाडा या बससेवेचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तेथे एसटी पोचली. त्यापूर्वी वांगेतुरी आणि गर्देवाडा येथे पोलिसांनी एकेका दिवसात मदत केंद्रे उभी केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातील कटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातील मरकणारला पहिली बस गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती हा नक्षल्यांचा ज्येष्ठ नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवता झाला.

या साऱ्याचा आनंद निःसंशय मोठा आहे. बसचे स्वागत करताना लोकांनी तिला हार घातला, ओवाळले. शहरातील माणसाला याचे हसू येईल, कारण त्याला बस म्हणजे गर्दी आणि उशीर एवढेच ठाऊक असते. ज्या गावात आजारी माणसाला खाटेला दोर बांधून, चौघांच्या खांद्यावरून नाला पार करावा लागत होता, त्या गावाला ती बस म्हणजे राज्य आपले असल्याची पहिली खूण होती.

मात्र उद्घाटनाचा दिवस वर्षातून एकदाच येतो. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

सहावे वर्ष

२५ डिसेंबर २००० रोजी अटलजींच्या सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी, आदिवासी, वाळवंटी भागात २५० लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्त्याने जोडण्याचा हा संकल्प होता. खेड्याचा रस्ता ही केंद्राचीही जबाबदारी आहे, हे या योजनेने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य केले. पुढे २००९ आणि २०१६ मध्ये नक्षलप्रभावित जिल्ह्यांसाठी रस्त्यांच्या खास योजना आल्या. सीमा सडक संघटनेच्या 'हीरक' प्रकल्पानेही या वनप्रदेशात रस्ते आणि पूल बांधले.

ग्रामसडक योजनेतील एक कलम फार दूरदर्शी होते. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षे त्याच्या देखभालीचे बंधन घातले गेले. खराब बांधला तर त्यालाच दुरुस्त करावा लागेल, ही त्यातील मेख. पण सहाव्या वर्षी रस्ता पुन्हा राज्याच्या यंत्रणेकडे येतो. कंत्राटदार गेलेला असतो, तिजोरीत नव्या रस्त्यांना पैसा असतो आणि जुन्यांच्या डागडुजीला नसतो. नव्या रस्त्याला कोनशिला असते; बुजवलेल्या खड्ड्याला कोणी कोनशिला लावत नाही.

चिमूर परिसरातील शेतकऱ्याला काळ्या मातीचा स्वभाव सांगायला नको. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा रस्ता वरून कितीही चकचकीत असला, तरी पाण्याला वाट दिली नाही तर दोन पावसाळ्यांत खचतो. मोरी तुंबली, बाजूची नाली बुजली, साइडपट्टी वाहून गेली की डांबर उखडू लागते. एक फावडे आणि एक घमेले वेळेवर चालले, तर पुढचा लाखोंचा खर्च वाचतो. हे काम पूर्वी मैलकुली करीत असे. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्या जिम्मेदारीचा. कोणती मोरी कधी तुंबते, हे त्याला तोंडपाठ. ती व्यवस्था हळूहळू आटली आणि तिची जागा वार्षिक निविदेने घेतली. निविदेला नाल्याची ओळख नसते.

ओंटारिओच्या उत्तरेतील बर्फाचे रस्ते सरकारच्या अर्थसाहाय्याने तेथील मूलनिवासी समाज स्वतः तयार करतात आणि राखतात. कोणत्या ठिकाणचा बर्फ भार सहन करील, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आपल्याकडेही पर्लकोटेचे पाणी किती चढेल, हे काठावरचा माडिया वृद्ध सांगू शकतो. त्या जाणकारीला मजुरी आणि मान दिला, गावातीलच दोन तरुणांना वर्षभर रस्त्याचे राखणदार नेमले, तर रस्ताही टिकेल आणि तो आपला आहे ही भावनाही.

तोट्यातली फेरी

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांतात होता. राज्य पुनर्रचनेनंतर येथील सेवाही एसटीत आली. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' हे ब्रीद घेऊन ती वाढली. गडचिरोली विभागाच्या एवढ्या विस्ताराला गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी हीच आगारे. त्यातील ब्रह्मपुरी तर चंद्रपूर जिल्ह्यात. गाडी बिघडली तर दुरुस्तीला किती दूर जावे लागेल, याची कल्पना यावरून यावी.

जंगलातील फेरी तोट्यातच चालते. ७४ च्या घनतेत दुसरे काही संभवत नाही. म्हणून तोटा झाला की फेरी बंद, हा न्याय येथे लावता येत नाही. प्राथमिक शाळा तोट्यात चालते म्हणून कोणी बंद करा म्हणत नाही. तोच विचार शाळेपर्यंत नेणाऱ्या बसलाही लागू पडतो. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी निळ्या बसगाड्या धावू लागल्या. या योजनांचे मोल तिकिटाच्या रकमेत मोजता येत नाही. सातवीनंतर शाळा सुटणे, मग शेतमजुरी आणि लवकर लग्न, ही साखळी कित्येक घरांत केवळ सकाळच्या एका बसने तुटली आहे.

आणि ती बस थांबली की काय होते, हेही आपण पाहिले. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त असतील. त्यांच्या हालअपेष्टांनाही पार नव्हता. पण शहराला रिक्षा होती, दुचाकी होती. जंगलातल्या गावाला काहीच नव्हते. करोनाच्या टाळेबंदीने आधीच शाळेपासून दूर गेलेली मुले, शाळा उघडल्यावरही अनेक ठिकाणी घरीच राहिली.

या भागात वेळेलाही वेगळा अर्थ आहे. संध्याकाळची बस चुकली, तर फाट्यापासून गावापर्यंत मुलींना अंधारातून चालावे लागते, आणि त्या अंधारात वाघ, अस्वल आणि रानडुक्कर असतात. चंद्रपूर जिल्ह्यात हे भय कल्पनेतले नाही.

वाघ आणि वाट

चिमूर तालुका ताडोबाला लागून आहे. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान. अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कोलारा प्रवेशद्वाराने देशविदेशचे पर्यटक आत जातात. तेथे येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता चांगला आणि शेजारच्या टोल्यासाठी पायवाट, हे दृश्य शोभणारे नाही. पण रस्ता करायचा म्हटला की वाघ आडवा येतो, असे म्हणणेही खरे नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग ठेवण्यात आले. वरून वाहने जातात आणि खालून वाघासह अनेक प्राणी ये-जा करतात, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे. आपल्या नागपूर-नागभीड या जुन्या छोट्या रेल्वेमार्गाचीही हीच कथा. शतकभर धावून ती गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली आणि वन्यजीवांच्या वावराचा प्रश्न पुढे आला. असा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीच सोडवला, तर गरिबाच्या स्वस्त गाडीला वर्षानुवर्षे खोळंबावे लागत नाही.

वनहक्क कायदा २००६ चे कलम ३(२) आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, वीजवाहिनी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एक हेक्टरात अडीच किलोमीटर होतो. फाट्यापासून टोल्यापर्यंतचे अंतर अनेकदा तेवढेच असते. मार्ग कायद्यातच आहे. वानवा आहे ती ठराव लिहिणाऱ्या, तो संबंधित कार्यालयात नेणाऱ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठ न सोडणाऱ्या कार्यकर्त्याची. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही. जागी ग्रामसभा काय करू शकते, याचा तो धडा आहे.

आपल्या वाट्याचे काम

मित्रहो, सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच परिसरात, रामदेगीच्या वनात, साधना केली; चिमूरच्या आंदोलनानंतर कारावास भोगला; आणि १९५५ मध्ये 'ग्रामगीता' दिली. तिचे ४१ अध्याय वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. गावाचे काम गावाने उचलावे, हा त्यांचा आग्रह आहे. रस्त्याच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, याचा विचार करू या.

एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि सकाळी मुलांना, रुग्णांना घेऊन निघते. चालक-वाहकांना झोपायला कोरडी जागा, शौचालय आणि गरम जेवण नसेल, तर ती गाडी एक दिवस बंद होणार. ही व्यवस्था करायला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही; गावातील चार घरे पुरेशी आहेत. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याकडेला फलक असतो. त्यावर कंत्राटदाराचे नाव, खर्च आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. तो वाचून मुदत संपण्याच्या आत तक्रार करणे, त्यासाठी 'मेरी सडक' ही भ्रमणध्वनीवरील सोय वापरणे, हे शाळेतील मुलगाही करू शकतो. पावसाळ्याआधी आपल्या शिवारातील मोऱ्या मोकळ्या करायला एक रविवार पुरतो. आणि शहरात राहणाऱ्या कुटुंबांनी दर दिवाळीला फराळाचे डबे नेण्याबरोबर एवढे विचारून यावे: तुमच्याकडची बस नियमित येते का? येत नसेल, तर आगाराला पत्र कोण लिहिणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात एका दाम्पत्याची दोन लहान मुले तापाने गेली. शववाहिका मिळाली नाही. आई-वडिलांनी एकेक मूल खांद्यावर घेतले आणि सुमारे १५ किलोमीटर चिखल-पाण्यातून ते गावी परतले. त्यांचे ते चित्र सबंध महाराष्ट्राने पाहिले, हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी नवी बातमी आली. त्या वाटेवर ती दोघे एकटी चालली, हे आपल्या सर्वांचे न्यून आहे. शेवटच्या गावाला पहिली बस मिळाली. आता ती दुसऱ्या दिवशी, आणि पावसाळ्यातल्या तिसऱ्या दिवशीही आली पाहिजे. चिमूरच्या हुतात्म्यांनी ज्या स्वराज्यासाठी प्राण दिले, ते याच वाटेने घरोघरी पोचायचे आहे. ती वाट मोकळी ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे.